दोन राजकन्या आणि एक अंगण

एका राज्यात सगळं दोन-दोन होतं. दोन महाल, दोन झोपाळे, दोन मुदपाकखाने. कारण राजकन्याही दोन होत्या, तारावली आणि हेमलेखा. लहानपणी एकीने दुसरीची वेणी ओढली, की राणी पद्मसेना धावत येई आणि दोघींना उचलून वेगवेगळ्या महालांत नेऊन ठेवी. भांडण मिटलं असं तिला वाटे. कुठलं मिटायला!

एके दिवशी दोघींचे हत्ती नगराच्या वेशीत समोरासमोर आले. आधी कोणाचा हत्ती जाणार, यावर तीन दिवस वाद चालला. तीन दिवस वाट अडून राहिली. बाहेर एक मांत्रिक ताज्या वनस्पतींची मोळी घेऊन खोळंबला होता. चौथ्या दिवशी मोळी वाळली आणि त्याचा संयम सुटला. त्याने मूठभर वाळका पाला उधळला. धूळ खाली बसली तेव्हा अंबाऱ्यांत राजकन्या नव्हत्या. दोन गिनीपिग बसले होते, तारावली तांबडी, हेमलेखा पांढरी.

"पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत या आपण होऊन एकमेकींना बिलगून निजल्या, तर माणसं होतील. नाहीतर जन्मभर गवत खातील," एवढं सांगून मांत्रिक आपल्या वाटेने गेला.

राणीने डोळे पुसले आणि दोघींना सोन्याच्या एका पिंजऱ्यात ठेवलं. लगेच तांबडी पांढरीभोवती डोलत घुरघुरू लागली. हे प्रेम म्हणावं की राग? राजवैद्य म्हणाले, नृत्य आहे. सेनापती म्हणाले, चढाई आहे. इतक्यात दात कटकट वाजले. राणीने पांढरीला उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र, पुन्हा कटकट, पुन्हा दोन पिंजरे. असे अठरा दिवस गेले. भांडण रोज पहिल्यापासून सुरू होई, आणि आपलं कुठे चुकतंय हे राणीला काही केल्या उमगेना.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली, तेव्हा मांत्रिकाची साळुंकी गवाक्षात येऊन बसली. त्याचा राग ओसरला असावा. साळुंकी बोलू लागली, यात नवल नव्हतं. त्या राज्यात साळुंक्या बोलतच.

तिने राणीला तीन कामं सांगितली. पहिलं, जिथे दोघींपैकी कोणाचाच वास नाही अशा मोकळ्या अंगणात दोघींना न्यायचं. दुसरं, तिथे गवताचे ढीग दोन, पाण्याच्या वाट्या दोन आणि लाकडी घरं दोन ठेवायची. प्रत्येक घराला दोन दारं, म्हणजे कोणी कोंडीत सापडणार नाही.

राणी गोंधळली. "दोन-दोन तर मी जन्मभर दिलं."

"अंगण एक कधी दिलंस?"

राणीने विचारलं, "आणि तिसरं?"

"रक्त दिसलं तरच मधे पड. एरवी जागची हलू नकोस."

पहिली दोन कामं एका सकाळी उरकली. तिसऱ्याने मात्र राणीचा जीव घेतला. तांबडी पांढरीच्या मागे लागली, केसांचे पुंजके उडाले. राणी उठली.

"रक्त?" साळुंकीने विचारलं.

"नाही," राणी म्हणाली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी दोघी माना उंचावून समोरासमोर उभ्या राहिल्या. या भांडताहेत की खेळताहेत, असं राणीने रडकुंडीला येऊन विचारलं. ते अजून त्यांचंच ठरायचंय, असं साळुंकी म्हणाली.

पौर्णिमेच्या दुपारी पांढरीने अचानक मान खाली घातली. का, ते राणीला कळलं नाही. तांबडीने तिचा कान हुंगला, जांभई दिली आणि तिच्या कुशीला टेकून आडवी झाली. पाहता पाहता दोघींना झोप लागली, आणि गवतात दोन राजकन्या निजलेल्या दिसल्या.

जाग आल्यावर त्या आईच्या गळ्यात पडल्या. नगरात नगारे वाजले, लोक हसत कामाला लागले. अंगणात गिनीपिगांसाठी आणलेली एक काकडी उरली होती. दोघींनी ती एकदमच धरली आणि जोरात ओढली. राणी अर्धी उठली, आणि पुन्हा बसली.

काकडी मोडली, पण बरोबर मधोमध मोडली नाही. मोठा तुकडा हेमलेखाच्या हाती आला. तारावली रुसली, आणि रुसून तिच्याच शेजारी जाऊन बसली.