पळीभर काढा

वाटी फरशीवर आपटल्याचा तो आवाज नरहरवैद्यांच्या कानातून जातच नव्हता. श्रावणात आईनं त्यांच्या हातचा काढा भिरकावून दिला होता. आता माघ सरत आला. म्हातारीचा बारीक ताप हटेना, आणि घरचं औषध काही ती तोंडाला लावीना.

"मग तुमच्या हातचा बरा पिते?" देवळाच्या ओट्यावर वैद्य गोसाव्याला विचारत होते. "काय कालवता त्यात?"

"काही नाही," भानगिरबाबा म्हणाले. "पुडी तुमच्याच घरची. म्हातारीच ती कनवटीला लावून आणते."

"तीर्थ म्हणून देत असाल."

"काढा म्हणूनच देतो."

खाली ओढ्यावर धुकं तरंगत होतं. चिंचेपलीकडच्या कोवळ्या उन्हात आई डोळे मिटून बसली होती.

"बाबा, चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं की त्यातली सात मुळं नावानिशी सांगतो मी. पंचक्रोशीत अशी जीभ नाही."

"जीभ गावभर गाजते," आई डोळे न उघडताच म्हणाली. "घरात मात्र तोंड उघडत नाही."

बाबा आत गेले. पंचपात्र घेऊन आले आणि पळी पुढं केली. वैद्यांचा उजवा हात आपसूक पुढं झाला. तळहातावरचं त्यांनी पिऊन टाकलं, ओला हात डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला.

धुकं हळूहळू देवळाची पायरी चढत होतं...

"कसं लागलं?"

"तीर्थ? गार. तुळशीचा वास छान आहे."

"तुळस नव्हती त्यात."

वैद्य थबकले. मग कुठून तरी, फार लांबून आल्यासारखं, त्यांच्या घशात कडू उतरू लागलं.

"काडेचिराईत..."

"तुमचाच काढा."



"उद्या तुम्ही नर्मदेकडे निघालात," वैद्यांचा आवाज बारीक झाला होता. "मग तिला पाजणार कोण? अशानं आई जाईल माझी."

"तुम्ही कसा देता?"

"उशाशी ठेवतो. नाक दाबून पी म्हणतो. ओसरीवर रोगी ताटकळलेले असतात, बाबा..."

बाबांनी पंचपात्र त्यांच्या हातात ठेवलं.

"पळी तिला द्या," ते म्हणाले. "हात आधी तुम्ही पसरा."

वैद्य पंचपात्र घेऊन उठले आणि चिंचेकडे चालू लागले.