गेरूचा पंजा

त्या जुन्या शहरातली प्रत्येक गल्ली दुसरीसारखीच दिसत असे. म्हणून पूर्वजांनी कोपऱ्याकोपऱ्यावर गेरूचा एकेक पंजा उमटवून ठेवला होता. अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूला वेस. एवढं ठाऊक असलं की तिथे कुणी हरवत नसे.

त्या शहरात एक परगावचा सरडा छायाचित्रं काढायचा. हा सरडा म्हणजे मीच. पण ‘मी’ म्हटलं की आपलीच बाजू घ्यावीशी वाटते, तेव्हा सरडाच म्हणू. वाट चुकलेल्या प्रवाशांचे चेहरे हा त्याचा विषय. कुणी गोंधळलेलं दिसलं की तो भिंतीच्या रंगाचा होऊन चिकटून बसे आणि त्याचे डोळे पाणावायची वाट पाही. याला तो साधना म्हणे. लोक त्याला मोठा कलावंत म्हणत, आणि ‘छे, छे’ म्हणताना त्याची मान आणखी ताठ होई.

अडचण पंजांची होती. ऐन व्याकुळ चेहऱ्यामागे तो लाल पंजा यायचा आणि बघणारे म्हणायचे, “अरे, वाट तर मागेच आहे!” सगळ्या चित्राची माती व्हायची. आधी सरड्याने छापलेल्या चित्रांतले पंजे कात्रीने कापून टाकले. पुढे त्याचाही कंटाळा आला, तेव्हा तो चुन्याची बादली घेऊन हिंडू लागला. कुंचल्याचे दोन हात मारले की भिंत कोरी. चित्रं फार सुंदर येऊ लागली.

एका दुपारी, बादली हातात असतानाच, एका म्हाताऱ्या शेळीने त्याला गाठलं.

“अवं पावणं, गेरूचा पंजा कुटं दिसला का? वाटंत येक कबुतर म्हनलं, अंगठा बगून चालत ऱ्हा. माजं करडू एकलंच येशीपाशी हाय. दिस मावळताना घंटा हुती नि गाडी सुटती.”

सरड्याने सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तिच्या सुरकुत्यांवर ऊन काय सुरेख पडलं होतं!

“जरा अश्शाच थांबा,” तो म्हणाला.

शेळी बिचारी थांबली. फोटो झाला, आणि सरडा घाईने निघाला. संध्याकाळी वेशीजवळच्या चौथऱ्यावर त्याचाच सत्कार होता. दहा वर्षं राहूनही गल्ल्या त्याला कधी पाठ झाल्या नव्हत्या. तोही पंजे बघूनच चालायचा. पहिल्या कोपऱ्यावर चुना. दुसऱ्यावर चुना. तिसऱ्यावरचे कुंचल्याचे ते सफाईदार दोन हात त्याने ओळखले; ते त्याचेच होते. ऊन कौलांवर चढलं होतं.

तेवढ्यात समोरून शेळी आली, धापा टाकत. सगळं कबूल करायला हीच वेळ होती. सरडा सवयीने भिंतीला चिकटला. पण आज काही केल्या त्याला पांढरं होता येईना. चारी पाय बोटांसारखे फाकलेले, शेपटी अंगठ्यासारखी एका बाजूला, आणि शरमेने तो लाल होत गेला, पार गेरूसारखा.

शेळीने मिचमिच्या डोळ्यांनी वर पाहिलं.

“घावला गं बाई!”

तिने भिंतीला डोकं टेकवून मला नमस्कार केला आणि शेपटीच्या बाजूला झपाझप चालू लागली. ती वळणाआड गेली तेव्हा गाडीची घंटा वाजली. आवाज माझ्या डोक्याच्या बाजूने आला.