न वाचलेल्या पोथीची निंदा

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका नगरात राजाने सगळ्यांसाठी ग्रंथशाळा बांधली होती. संध्याकाळी लोक तिच्या ओट्यावर जमत आणि काय वाचले ते एकमेकांना सांगत.

या मंडळीत धुंडिराजपंतांचा शब्द मोठा. पंतांनी 'वाचा' म्हटले की लोक ती पोथी घरी नेत.

एके वर्षी म्हाळसाकाकू नावाची विधवा भावाकडे राहायला आली. ती ओट्यावर येऊ लागली. कुणी पोथी सुचवायला सांगितले, की ती आधी विचारी, "सध्या मन कशात आहे, बाबा?" मग ऐकून घेई आणि नेमकी पोथी सांगे. हळूहळू लोक तिच्याभोवती बसू लागले.

पंतांच्या पोटात दुखू लागले. ओट्यावर हसू फुटले, की त्यांना वाटे, आपल्यालाच हसतात. त्यांना जेवण गोड लागेना.

एकदा काकूने एका नावाड्याची कथा सुचवली. "रडवते हो," ती म्हणाली, "पण नंतर मन हलके होते."

पंतांनी ती कथा उघडूनही पाहिली नव्हती. तरी ते मोठ्याने म्हणाले, "असली अभद्र पोथी घरात नेऊ नका. पोरेबाळे बिघडतील!"

काकूने शांतपणे विचारले, "पंत, तुम्ही वाचलीत?"

"चिखल आहे हे कळायला त्यात लोळावे लागत नाही!"

पंत आजवर कधी खोटे बोलले नव्हते. लोकांनी विश्वास ठेवला. काकूने सुचवलेल्या पोथ्या एकेक करून परत आल्या. तिला कुणी काही विचारीना. शेवटी ती आपल्या गावी निघून गेली. त्या रात्री पंतांना गाढ झोप लागली.

पुढे पंतांची पत्नी वारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईना, तोंडून शब्द फुटेना. घर खायला उठे, म्हणून ते ग्रंथशाळेत जाऊन बसत. तिथे एका दुपारी त्यांच्या हाती ती नावाड्याची कथा आली. त्या नावाड्याचीही बायको गेली होती, आणि तरी तो रोज नाव हाकत होता. वाचता वाचता पंत लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

संध्याकाळी ते पोथी घेऊन ओट्यावर आले. "हिच्यासारखी कथा नाही! घरोघरी वाचा!"

एक म्हातारा म्हणाला, "पण पंत, ही अभद्र आहे असे तुम्हीच सांगितले होते."

"मी वाचली नव्हती. काकूचा मला हेवा वाटला, म्हणून खोटे बोललो."

मग म्हातारा उठला. "माझा मुलगा गेला, तेव्हा काकूने हीच मला दिली होती. तुमच्या शब्दावर मी ती न वाचताच परत केली, पंत."

तो निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही उठले. त्यानंतर पंतांनी कितीही पोथ्या सुचवल्या, तरी लोक नम्रपणे हात जोडत आणि पुढे जात.

तात्पर्य : मत्सरापोटी दुसऱ्याचा शब्द जो पाडतो, तो आपल्याच शब्दाची किंमत घालवून बसतो.