मुठीतला अंगठा

"आणि जे आत घातलं, पण परत बाहेर काढलं... ते आत आहे म्हणायचं का नाही, आप्पा?"

शलाकाने हे एका दमात विचारलं, आणि तो दम तिच्याजवळ नव्हताच. स्कूटर पायथ्याशी कशीबशी उभी करून ती भैरोबाच्या एकशे दहा पायऱ्या धावत चढली होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात एक फाटकं पाकीट.

आप्पा समई घासत होते. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस."

"बसायला वेळ नाही. चार वाजता पिंप वर यायचंय."

"मग उभी राहा. पण श्वास घे."

तिने घेतला. तेवढ्यात घंटेमागून कबुतर फडफडत उडालं आणि घेतलेला श्वास निम्म्यातच निसटला.

आप्पा हसले नाहीत. तिचं दचकणं त्यांच्या सवयीचं होतं.

तीस वर्षं त्यांनी एका बियरच्या कारखान्यात पिंपांना कान लावण्यात घालवली होती. आतला बुडबुडा ऐकून ते सांगत, हिला अजून दोन दिवस, हिला चार. मग एक दिवस गळ्यात तुळशीची माळ घातली, मासमच्छी सोडली आणि खिंडीवरच्या या देवळात दिवाबत्तीला येऊन राहिले. शलाका ढमढेरे त्यांना शोधत आली ती सूक्ष्मजीवशास्त्रातला पहिला वर्ग घेऊन. आप्पांनी ते प्रमाणपत्र नीट वाचलं, घडी करून परत दिलं आणि दोन महिने तिच्याकडून नुसती पिंपं धुऊन घेतली.

आता तिची स्वतःची भट्टी होती, गावाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. आणि आज तिची पहिली बियर भैरोबाला दाखवायची होती.

गावची रीत तशी होती. पहिला गूळ, पहिलं तूप, पहिली दारू, जे काही गावात नव्याने तयार होईल त्याची पहिली धार देवाची. मात्र भैरोबा गोड्या नैवेद्याचा. त्याला पुरणपोळी चालते, दारूचा थेंबही चालतो, पण कोंबडं-बकरं शेवटच्या पायरीच्या वर येत नाही. ते पायरीखाली, तिथल्या शेंदूर फासलेल्या धोंड्यापुढे.

"काय घातलंस आत?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला माहितीये."

"काल माहीत होतं. आज तू धावत आलीस."

शलाकाने हेल्मेट खाली ठेवलं आणि उजवा हात वर केला. परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तशी ती एकेक बोट उघडू लागली.

"पाणी, आपल्याच टाक्यातलं. जव. हॉप्सची फुलं, कडूपणासाठी. आणि यीस्ट."

"यीस्ट म्हणजे तो जिवंत किडा ना?"

"किडा नाही हो, बुरशी. तीही तशी जिवंतच..." ती घाबरली. "म्हणजे तेही चालणार नाही?"

"दही लावताना विचारतेस का हे?"

"नाही."

"मग पुढे."

"झाली चार."

आप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

चार बोटं ताठ उभी होती. अंगठा तळव्यात दुमडलेला होता.

"तो कुठे गेला?"

"कोण?"

"अंगठा."

शलाकाने हात झटकन पाठीमागे नेला. मग तिने ते फाटकं पाकीट आप्पांपुढे टाकलं.

"याच्यासाठीच आले. निवळायची पावडर. पिंपात टाकली की दोन दिवसांत सगळा गढूळपणा ओढून तळाशी बसते. वरची बियर आपण काढून घेतो आणि गाळ फेकून देतो. पावडर राहतच नाही, आप्पा. म्हणून ती कुणी मोजत नाही. मीही मोजली नाही."

"बरं."

"आज सकाळी पिंपाचा स्टँड डुगडुगत होता. पाकिटाची घडी करून पायाखाली सरकवायला गेले, तर पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत..."

तिने पाकीट उलटं करून त्यांच्यापुढे सरकवलं.

"काय होतं मुंगीएवढ्या अक्षरांत?"

"माशाच्या पोटातला फुगा. सुकवून दळलेला."

समईवरचा हात थांबला.

"आमच्या वेळी दळलेला नसायचा," आप्पा म्हणाले. "पापडासारख्या चकत्या यायच्या. पिवळट. आम्ही भिजत घालायचो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"असं करतात, हे ठाऊक होतं. तू केलंस, हे ठाऊक नव्हतं."

"पण काल तुम्ही... काल मी वाटीभर आणली होती तेव्हा..."

"काल मी विचारलं, आत काय. तू चार बोटं दाखवलीस."

"आणि तुम्ही प्यायलात."

"तू दाखवलीस म्हणून."

शलाकाची नजर त्यांच्या गळ्यातल्या माळेवर गेली. बावीस वर्षांची माळ. आप्पांचा हातही तिथेच गेला होता. राखेने माखलेली दोन बोटं एका मण्यावर टेकली होती.

ती तिथेच, ओल्या फरशीवर, खाली बसली.

"आता काय करायचं, आप्पा? प्रायश्चित्त असेल ना काही?"

"कुणी घ्यायचं?"

खालून, गावातून, हलगी तापवल्याचा आवाज आला. दोन थापा. मग पुन्हा दोन.

"सगळं ठरलंय हो," ती घाईघाईने बोलू लागली. "हमरस्त्यावरचे हॉटेलवाले बाबरशेठ यायचेत. बियर काचेसारखी नितळ असेल आणि पिंपावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असेल तर दर महिन्याला वीस पिंपं घेतो म्हणालेत. त्यांनी नाही म्हटलं तर शेडला कुलूपच. ठिपक्याचे कागद चिकटवूनही झालेत. शेवंताकाकू दोन दिवस पोळ्या लाटतायत. तिने जन्मात अंडं फोडलेलं नाही, पण म्हणाली, आपल्या शलीची आहे, तीर्थ म्हणून चमचाभर घेईन. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय, काकू, नखाएवढंही काही नाही यात."

"मग?"

"तुम्ही फक्त एवढंच सांगा. जे राहत नाही, ते असतं का? नसतंच ना? गाळ फेकला, प्रश्न मिटला. तुम्ही म्हणालात की मिटला, तर मिटला."

आप्पांनी समई पाण्यात बुडवली, वर काढली, उन्हात धरली.

"दुसरं पिंप होतं ना तुझं?"

"ते कुठलं पिंप. पावडर एकाच पिंपाला पुरली. दुसरं तसंच राहिलं, गढूळ. मी त्याला ताक म्हणते. पोत्यांखाली झाकून ठेवलंय, पाहुण्यांना दिसू नये म्हणून."

"चव?"

शलाकाने ती बियर चाखलीच नव्हती. रंग बघूनच पोती टाकली होती.

"हात दे," आप्पा म्हणाले.

तिने दिला. मूठ आवळलेली होती, तिची तिलाच कळली नव्हती. आप्पांनी एकेक बोट सोडवलं. सगळ्यात शेवटी, आत दडलेला अंगठा. तो त्यांनी हलकेच बाहेर काढला आणि त्यावर चिंचेचा चोथा ठेवला.

"जाताना दुसरी समई घासून जा."

बस. एवढंच.

शलाकाने समई घासली. रागाने घासली, मग भराभर घासली, आणि समईच्या दांड्यावर पहिली चमक उठली तशी ती एकदम उठून उभी राहिली. हेल्मेट विसरून पायऱ्या उतरायला लागली. साठाव्या पायरीवर आठवलं. ती परत आली नाही.

शेडमध्ये शिरून तिने पोती उचलली, पिंपाची तोटी सोडली, ओंजळीतच धार घेतली. बियर ढगाळ होती, भाताच्या पेजेसारखी.

ती प्यायली.

मग पुन्हा प्यायली. आधी भाजलेल्या जवाचा गोडवा आला, मागून कडूपणा आला, आणि अगदी शेवटी असं काही आलं, जे नितळ पिंपात नव्हतंच. गाळाबरोबर गेलं होतं. शलाकाला हसू फुटलं.

चार वाजता दोन्ही पिंपं टेम्पोतून पायथ्याशी आली.

हलगी जोरात होती. पोरं पुढे, बाया कडेला. शेवंताकाकू पोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी वर पोहोचली होती. बाबरशेठ पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, पायऱ्या मोजत आणि धापा टाकत आले. चार गड्यांनी नितळ पिंप खांद्यावर घेतलं. त्याच्या काचेच्या नळीत बियर सोन्यासारखी चमकत होती.

"वा," बाबरशेठ म्हणाले. "पलीकडे पेपर धरला तर वाचता येईल."

गडी शेवटच्या पायरीशी आले.

"थांबा," शलाका म्हणाली. "हे इथेच. पायरीखाली."

गडी थांबले. हलगीही थांबली.

"अगं, काय बोलतेस?" शेवंताकाकू म्हणाली. "खाली कोंबडं ठेवतात, बाई."

"म्हणूनच, काकू."

शलाकाने पिंपाला स्वतः हात लावला आणि ते शेंदराच्या धोंड्यापुढे टेकवलं. मग सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. तिने उजवा हात वर केला.

"पाणी. जव. हॉप्स. यीस्ट."

चार बोटं. आणि मग अंगठा.

"आणि मासा. त्याच्या पोटातला फुगा, सुकवलेला. तो आत टाकला म्हणून ही एवढी नितळ आहे. आता तो यात नाही, गाळाबरोबर फेकला. पण टाकला होता. मी नीट न वाचताच तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. काल आप्पांनाही हीच पाजली."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "एवढ्यासाठी एकशे दहा पायऱ्या? मग कोंबडंच आणायचं की."

दोघंतिघं हसली. शलाका दचकली, पण हात खाली आला नाही.

शेवंताकाकूने टोपली उतरवली.

"म्हंजी मी आज मासा प्याले असते."

"हो, काकू."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून."

"हो."

काकूने मागून वर आणलेल्या दुसऱ्या पिंपाच्या ढगाळ नळीकडे बोट केलं. "आणि ते दुसरं? ते ताक?"

"त्यात चारच."

"बघू बोटं."

शलाकाने दाखवली. काकूने तिचा हात पकडून उलटा केला, सुलटा केला, अंगठा चिमटीत धरून हलवून पाहिला. दुकानातली भेंडी मोडून बघतात तसा. मग स्वतःचा तळवा पुढे केला.

"घाल चमचाभर. पण देवाला आधी."

हलगी पुन्हा कडाडली. ढगाळ पिंप शेवटची पायरी ओलांडून वर गेलं. पहिली धार देवाची झाली, फेस उंबऱ्यावरून ओघळला, पोरांनी एकच ओरडा केला. काकूने तीर्थ घेतलं, तोंड वाकडं केलं, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा तळवा पुढे केला.

बाबरशेठ शलाकाजवळ आले. हातात ढगाळ बियरचा पेला होता. त्यांनी तो उन्हात धरला.

"यातून काहीच दिसत नाही, मॅडम. माझं गिऱ्हाईक हसेल." मग आवाज खाली करून म्हणाले, "ती खालचीच द्या मला. ठिपका तेवढा हिरवा राहू द्या. तुम्हीच म्हणता ना, आता काही राहिलेलं नाही त्यात. हमरस्त्यावर कोण विचारतंय?"

सकाळी तिने आप्पांना जे विचारलं होतं, तेच. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. शलाकाला आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं.

"मांसाहाराचा तपकिरी ठिपका लावून देते," ती म्हणाली. "न्यायची असेल तर."

बाबरशेठनी तिच्याकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं.

"फोन करतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

पेला मात्र त्यांनी परत ठेवला नाही. विसाव्या पायरीवर थांबून त्यांनी एक घोट घेतला. चाळिसाव्या पायरीवर आणखी एक. मग ते वळणाआड गेले.

ऊन उतरलं. लोक पोळ्या खायला बसले. आप्पांनी दोन्ही समया गाभाऱ्यात आणून ठेवल्या, तेल घातलं, वाती वळायला घेतल्या. शलाका दाराशी येऊन उभी राहिली. डाव्या हातात सकाळी विसरलेलं हेल्मेट होतं.

"आप्पा, तुम्ही सकाळचं उत्तर दिलंच नाही."

"कुठलं?"

"जे आत घातलं आणि परत बाहेर काढलं... ते आत असतं का? काल तुम्ही प्यायलात, त्यात तो मासा होता का नव्हता?"

आप्पांनी वात पेटवली. ज्योत आधी हलली, मग सरळ झाली. त्यांनी शलाकाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो अजून उघडाच होता, अंगठ्यासकट.

"चार वाजेपर्यंत होता."