तांडेलाने कापलेला दोर

एकदा एका बंदरातून शिडाच्या बोटींचा मोठा ताफा दूरच्या बेटाकडे निघणार होता. इंजिन कुणाकडेच नाही. केवळ वारा आणि माणसाची विद्या. बोट हाकण्यात मुरलेल्या एका वृद्ध तांडेलाचा तरुण शिष्य त्यात प्रथमच स्वतःची बोट नेणार होता. त्याच्या आईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. समुद्राने तिचे कुंकू नेले होते. आता हा एकुलता एक. तिने सोमवार धरले आणि स्वतःच्या हातांनी जादा शीड व नवा दोर बोटीत ठेवला.

“अगं आई, एवढ्या बोटी बरोबर आहेत. लागलंच काही तर हाक मारली की झालं!” मुलगा हसला. आई देवळात जाताच, बोट हलकी राहावी म्हणून त्याने दोन्ही गुपचूप काढून पडवीत टाकले.

निघण्याच्या आदल्या दिवशी सराव होता. भर दुपारी, खडकांपासून थोड्या अंतरावर, तांडेलाने कोयता काढला आणि आपल्याच शिडाचा दोर कापला! शीड कोसळले. मग त्याने संकटाची खूण म्हणून डोलकाठीला लाल पंचा बांधला.

एकेक बोट जवळून पुढे गेली. “मागचा थांबेल हो काका!” कुणी ओरडले. मागच्यालाही तेच वाटले. एकटा शिष्य तेवढा वळला. पण बांधून ओढायला दोर कुठे होता? लाटा गुरूला खडकाकडे ढकलत होत्या आणि हा नुसत्या घिरट्या घालत होता.

“काका, उडी मारा! मी घेतो तुम्हाला!”

तांडेलाने शांतपणे फळीखालून दुसरा दोर काढला, शीड चढवले आणि किनारा गाठला.

“वेड लागलंय का तुम्हाला?” शिष्य रडकुंडीला आला होता. “खडक हाताच्या अंतरावर होता!”

“होता ना. आणि बोटीही होत्याच की,” तांडेल म्हणाला. “बाळा, त्यांच्यावर रागावू नकोस. भर वाऱ्यात आपली बोट सावरतानाच माणसाची पुरेवाट होते. तू वळलास, तुझे मन मोठे. पण हात रिकामे होते. समुद्रावर एकटेच आहोत असे समजून बोट भरावी, म्हणजे सोबत्यासाठी वळण्याला काही अर्थ राहतो.”

शिष्य घरी येऊन पडवीत शोधू लागला. आई देवापुढून न उठताच म्हणाली, “दाराआड आहे बघ. दोर गुंडाळून ठेवलाय.”

“तुला ठाऊक होतं?”

“मी ठेवला असता तर पुन्हा काढला असतास. आता तू ठेव.”

तो शीड नि दोर खांद्यावर टाकून निघाला, आणि उंबऱ्यावरून परतला. “आई, जुना दोर आहे का गं एखादा? शेजारच्या बोटीतही नाहीये.”

दुसऱ्या दिवशी ताफा निघाला. शिडे दिसेनाशी होईपर्यंत आई किनाऱ्यावर उभी होती. काळजी होतीच, पण आज तिने हात जोडले ते सगळ्याच बोटींसाठी.

आपणही देवाकडे सोबत जरूर मागावी, आणि निघण्यापूर्वी आपला दोर एकदा हाताने चाचपून पाहावा.