फवारलंय, पाय ठेवू नका

दहा फेब्रुवारी. सकाळी गारठा, दुपारी लख्ख ऊन, वारा पडलेला.

गिरणेकाठच्या एका गावात झिपरू नावाचा एक भोळा माळी राहत होता. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा दम धर' म्हणालं, की हा श्वास कोंडून लालबुंद व्हायचा.

झिपरू दौलत जिभाऊंच्या लॉनवर कामाला होता. लॉन म्हणजे लग्नाचं. पुढे मोठं फाटक, मधे हिरवळ, पलीकडे मांडव. आजवर तिथे गावोगावच्या मुलींची लग्नं लागली. आता खुद्द जिभाऊंच्या शालूचं लागायचं होतं. आणि नेमका हिरवळीत लव्हाळा माजला होता. मोठं चिवट तण. वरून उपटलं तर खालून हसतं.

जिभाऊ म्हणाले, "झिपरू, माझ्या लेकीचं लग्न माझ्याच हिरवळीवर लागलं पाहिजे. आता सगळं तुझ्या हातात आहे."

झिपरूने दोन्ही हात उघडून बघितले. हातात काही नव्हतं.

मग जिभाऊंनी त्याच्या पाठीवर पंप चढवला, तणाचं औषध दिलं आणि बजावलं, "आधी तोंड बांध. मगच फवार."

संध्याकाळी जिभाऊ बघायला आले. झिपरू घामाने निथळत होता. पंपाचा दांडा वरखाली हाणत होता. औषधाचा थेंब बाहेर पडत नव्हता. पंपाच्या तोंडाला उपरणं गच्च आवळलं होतं.

"हे काय रे?"

"तोंड बांधलंय. तुम्हीच म्हणालात."

"पंपाचं नाही रे बाबा, आपलं! औषध नाकातोंडात जातं. औषधाशी गाठ पडली की आपलं तोंड बांधायचं. समजलं?"

"समजलं, जिभाऊ."

दुसऱ्या दिवशी माईंना, म्हणजे जिभाऊंच्या बायकोला, खोकला लागला. त्यांनी झिपरूला मेडिकलमध्ये पिटाळलं. "खोकल्याचं औषध आण."

औषध म्हटल्याबरोबर झिपरूने तोंड बांधलं. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ?"

"ऊं ऊं."

"दाढ दुखते का?"

"ऊं ऊं ऊं!"

"फारच दुखतेय वाटतं," असं म्हणून दुकानदाराने लवंगेचं तेल दिलं.

माईंनी बाटली बघितली. त्या खोकत खोकत हसल्या की हसत हसत खोकल्या, ते कुणाला कळलं नाही. जिभाऊ मात्र तापले. "अरे, औषध हातात आलं की आधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचावं. आणि लिहिलंय तस्सं करावं. समजलं?"

"समजलं, जिभाऊ."

दुसऱ्या दिवशी झिपरूने तणाच्या औषधाचा डबा उचलला आणि वाचलं: 'लहान मुलांपासून दूर ठेवा.'

फाटकाबाहेर मुलं गोट्या खेळत होती. झिपरू डबा घेऊन निघाला. पुढे शाळा लागली. तो आणखी पुढे गेला.

जिभाऊंना तो सापडला तो दिवस मावळताना, उघड्याबोडक्या टेकडीवर. डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"इथे काय करतोयस?"

"इथे मुलं नाहीत, जिभाऊ. मधे एक गाव लागलं होतं. पण तिथे बारसं चाललं होतं. पळत सुटलो."

जिभाऊंनी कपाळावर हात मारला. "दूर म्हणजे टेकडीवर नव्हे रे! कुलपात. विषारी वस्तू कुलपात घालायची आणि किल्ली मला आणून द्यायची. समजलं?"

"समजलं, जिभाऊ."

चार दिवसांनी माईंचे भाऊ, शालूचे मामा, लग्नासाठी म्हणून येऊन राहिले. त्यांना मांडव बुटका वाटला, आचारी आळशी वाटला, आणि जावई काळा वाटला. जिभाऊ माईंना हळूच म्हणाले, "तुझा भाऊ म्हणजे नुसतं विष आहे, विष."

झिपरू जवळच गवत कापत होता.

जेवायच्या वेळी मामा कुठे दिसेनात. झिपरूने येऊन जिभाऊंच्या हातावर किल्ली ठेवली. "विष कुलपात घातलंय. कपाटात मावेना, म्हणून अवजारांच्या खोलीत."

जिभाऊंनी किल्ली थोडा वेळ खिशातच ठेवली. मग खोली उघडली.

एवढं झाल्यावर जिभाऊंनी फवारणीला स्वतः शेजारी उभं राहायचं ठरवलं. हातमोजे घालायला लावले, झिपरूचंच तोंड बांधलं आहे ना ते बघितलं. सगळी हिरवळ फवारून झाली. मग ते म्हणाले, "आता नीट ऐक. माणसाला आत कोंडायचं नसतं. बाहेर ठेवायचं असतं. फवारलं की दोरी बांध, लाल फडकं लाव. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत आत कुणाला पाय ठेवू देऊ नको."

"तुम्हाला?"

"मलासुद्धा नाही. मी ओरडलो तरी ऐकू नको."

झिपरूने दोरी बांधली, फडकं लावलं. रात्री एक कुत्रं आलं, त्यालाही हाकललं. सकाळी जिभाऊंनी पाठ थोपटली. "शाब्बास! फवारलं की दर वेळी असंच करायचं."

लव्हाळा पिवळा पडला, वाळला. लग्नाच्या दिवसापर्यंत हिरवळ पोपटासारखी झाली.

गोरज मुहूर्त होता. घोड्यावरून नवरदेव येत होता, पुढे बँड वाजत होता. मांडववाल्याने एक मोठा पंखा आणला होता, त्यातून गुलाबपाण्याचे तुषार उडत होते. झिपरूने शालूच्या मैत्रिणीला विचारलं, "ताई, हे काय चाललंय?"

"गुलाबपाणी फवारतोय, झिपरूकाका! सगळीकडे फवारलं. हिरवळीवरसुद्धा."

झिपरू धावला. "फवारलंय! फवारलंय!" असं ओरडत त्याने आचारी, भटजी, वाजंत्री, झाडून सगळ्यांना बाहेर काढलं. फाटकाला दोरी बांधली. लाल फडकं लावलं. पंखाही बंद केला. नवरदेवाचा घोडा दोरीशी येऊन थांबला.

"पाय ठेवू नका! फवारलंय!"

माणसं मागे सरली. घोडाही सरला.

जिभाऊ धावत आले. "झिपरू, दोरी सोड!"

"नाही."

"अरे, मी सांगतोय!"

"तुम्हालासुद्धा नाही, असं म्हणालात."

जिभाऊ ओरडले.

"ओरडलात तरी ऐकू नको, असंही म्हणालात."

"गाढवा, ते गुलाबपाणी आहे!"

"फवारलं ना?"

"फवारलं, पण..."

"मग झालं."

तोवर 'लॉनवर विष फवारलंय' ही बातमी वरातीच्या शेपटापर्यंत पोचली होती. व्याही पुढे आले. म्हणाले, "जिभाऊ, गुलाबपाणी असेल नाहीतर अमृत असेल. आमचं एक माणूस आत येणार नाही."

सूर्य बुडायला आला होता.

शालूचं लग्न मुहूर्तावर लागलं, रस्त्यापलीकडच्या एसटी थांब्याच्या पत्र्याखाली. वऱ्हाड डांबरी रस्त्यावर उभं होतं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आतच राहिली. हिरवळीवर एकही पाऊल उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर झिपरूने दोरी सोडली.