पूल झालाच समजा

काय गर्दी उसळली होती त्या दिवशी! खाडीतल्या बेटावर आमदार रत्नाकर खोत तिसऱ्यांदा मतं मागायला आले होते, तेही होडीतूनच. ताशे कडाडत होते. तेवढ्यात एका बाळंतिणीच्या सासूनं विचारलं, "साहेब, पूल कुठाय? वादळात होडी बंद असते, पोरीबाळी अडकतात."

आमदारांनी छाती ठोकली. "आजी, पूल झालाच समजा!"

सभा संपली. पलीकडच्या सभेची घाई होती, म्हणून आमदार लगबगीनं होडीत बसले. वल्हवायला शेवंती तांडेल होती. भर खाडीत तिनं वल्ही उचलून आत ठेवली आणि ती स्वस्थ बसली.

आमदार खवळले. "अगं, थांबलीस का? तिकडे लोक खोळंबलेत!"

शेवंती म्हणाली, "साहेब, पोचलातच समजा. उतरा!"